माझ्या वहीतली नदी

जमिनीला भोकं पाडणं हा माझा धंदा. अंबरनाथ पश्चिमेला ‘बोअरवाले कदम’ म्हणून विचारलंत तर जुनी माणसं अजून घर दाखवतात. एकतीस वर्षं मी उल्हासनगरच्या ‘कॅम्प’ म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्यांपासून बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत बोअर मारत हिंडलो. संपादकांनी ‘कामाचे अनुभव लिहा’ म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना माझ्या कष्टांची गोष्ट हवी असणार. कष्ट झाले, नाही म्हणत नाही. पण या एकतीस वर्षांत मी सगळ्यात मन लावून काय केलं असेल, तर जनार्दन भोईर नावाच्या माणसाचा हेवा केला.

जनाभाऊ हा पाणाड्या. म्हणजे पाणी कुठे लागेल ते सांगणारा. जांभूळ गावाजवळच्या एका खेड्यातला, आगरी, अंगाने काटकुळा. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चालायचा. जिथे नारळ आपोआप उभा राहील तिथे टाच घासून खूण करायचा आणि म्हणायचा, “हितं खना.” बस, एवढंच काम. पुढे धूळ मी खायची, कानठळ्या माझ्या बसायच्या, अडकलेला हॅमर मी काढायचा. पाणी लागलं की हार जनाभाऊच्या गळ्यात. नाही लागलं तर लोक म्हणायचे, “कदमने बोअर तिरका मारला.”

ज्यांनी बोअर मारताना पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन गाड्या लागतात. एकीवर हवेचा दाब तयार करणारा कॉम्प्रेसर, दुसरीवर उभा मनोरा. मनोऱ्यातून वीस-वीस फुटांचे पोलादी रॉड एकाला एक जोडत खाली सोडायचे. टोकाला हॅमर असतो, तो खडक कुटत जातो आणि हवेच्या झोताने चुरा वर फेकला जातो. जाणता बोअरवाला पाण्याकडे नंतर बघतो, आधी चुरा बघतो. प्रत्येक रॉडला मूठभर चुरा उचलून ओळीने ढीग लावायचे. त्या ढिगांवरून जमिनीचं पोट कळतं.

आपल्या भागाचं पोट म्हणजे डब्यात चपात्या रचल्यासारखं आहे. एकावर एक काळ्या खडकाचे थर. मधेच कुठे हात-दोन हात जाडीचा, विटकरी रंगाच्या मातीचा थर लागतो. वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मधे ही लाल माती. आम्हा बोअरवाल्यांना तिचा राग, कारण ती ढासळते आणि हॅमर आवळून धरते. पण लोभही तिचाच, कारण तिच्याखालचा खडक बऱ्याचदा भोकाभोकांचा असतो आणि पाणी असलं तर तिथे असतं. ही माती दोनशे फूट खाली कशी गेली, तिला तिथे कोणी पुरलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

चुरा जपून ठेवायची सवय मात्र मला लागली. स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओवाल्याकडून कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या आणायचो. प्रत्येक रॉडला एक डबी, वर कागद चिकटवून गाव, जागा, खोली. शिवाय वहीत नोंद. आमच्या धंद्यात हे कोणी करत नाही. मी करायचो, कारण जनाभाऊकडे नारळ होता आणि माझ्याकडेही काहीतरी असावं असं मला वाटे.

उल्हासनगरात कॅम्प पाचला एका सिंधी शेठचा जीन्स धुवायचा कारखाना होता. जनाभाऊचा नारळ नेमका जिन्याखाली उभा राहिला. मी म्हटलं, इथे मशीन शिरणार नाही, चार पावलं पलीकडे घेऊ, खाली खडक तोच आहे.

शेठ म्हणाला, “कदम, जनाभाऊने बोला उधर, तो उधर. जिना तोडेंगे. जिना क्या चीज है, साईं.”

जिना तोडला. एकशे साठ फुटांवर पाणी लागलं, चांगली मनगटाएवढी धार. शेठने जनाभाऊला मिठाईचा पुडा दिला, हार घातला आणि फोटो काढून ऑफिसात झुलेलालच्या तसबिरीशेजारी लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “कदम, ये जिने का मलबा कौन उठाएगा?”

पण खरं झोंबलं ते बदलापूरचं. एका सोसायटीचे तीन बोअर फेल गेले होते. मी आजूबाजूच्या बोअरच्या डब्या काढल्या, लाल माती कुठे किती फुटांवर लागली ते वहीत पाहिलं आणि जागा स्वतः काढली. दोनशे वीसपर्यंत थांबायचं नाही, असंही सांगितलं. त्या दिवशी कोणा सभासदाबरोबर जनाभाऊ तिथे आला होता, नुसता चहा प्यायला. नारळसुद्धा आणला नव्हता. दोनशे दहाला पाणी उसळलं आणि सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, “जनाभाऊंचा पायगुण बघा.”

जनाभाऊ हसला. नाही म्हणाला नाही. चहाचा कप खाली ठेवून त्याने नमस्कार स्वीकारला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, पाणी लागलं ना, मग तोंड का असं? तिला काय सांगणार? पाणी लागलं म्हणूनच तोंड तसं होतं.

पाऊस कमी झाला की आमची चलती. टीव्हीवर ‘एल निनो’ हा शब्द यायला लागला की फोन वाजायला लागायचे. लोक आभाळाकडे बघायचे आणि आम्ही कॅलेंडरमध्ये तारखा भरायचो. एवढी भोकं पाडल्यावर खालचं पाणी उरणार कसं, हा विचार तेव्हा केला नाही. आता कॅम्पांमधले माझेच जुने बोअर कोरडे आहेत असं ऐकतो, तेव्हा वाईट वाटतं. पण मी लिहायला बसलोय ते पाप वेगळं आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जनाभाऊच्या स्वतःच्या गावाने बोअरचं काम काढलं. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची, बायका टँकरची वाट बघायच्या. गावाचं काम म्हणून मी ठोक रकमेत घेतलं, फुटाच्या दराने नाही. जागा अर्थातच जनाभाऊने दिली, शाळेच्या मागे आवळ्याच्या झाडाजवळ. पूजा झाली, मशीन उभी राहिली. सगळं गाव जमलेलं. कोणीतरी सहज विचारलं, “जनाभाऊ, पानी लागल ना?”

जनाभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “लागल म्हंजे काय. यो कदम हात हाय, डोलं मी हाय.”

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य आतपर्यंत गेलं. माझ्या वहीत त्या गावाच्या आजूबाजूच्या तीन बोअरच्या नोंदी होत्या. तिन्हींत एकशे नव्वद ते दोनशेच्या दरम्यान लाल माती होती आणि दोन ठिकाणी तिच्याखाली पाणी. म्हणजे कुठे थांबायचं आणि कुठे नाही, हे मला त्या नारळापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

नऊ रॉड गेले. एकशे ऐंशी फूट. कोरडी धूळ उडत होती. गाव जेवायला पांगलं होतं, जनाभाऊही घरी गेला होता. मी हवा बंद केली. माझी दोन माणसं तमिळ, मी सांगितलं की रॉड काढायचे, प्रश्न विचारायचे नाहीत. नऊच्या नऊ रॉड वर काढून गाडीवर चढवले. लोक परत आले तेव्हा मी हात धूत होतो. म्हटलं, “दोनशे चाळीसपर्यंत गेलो. कोरडा.”

तीन रॉड मी गिळले. इथपर्यंतचा लबाडपणा कोणीही करील. यापुढचा मूर्खपणा फक्त डब्या भरणाराच करू जाणे. घरी येऊन नोंद करताना दोनशे, दोनशे वीस आणि दोनशे चाळीसच्या डब्या रिकाम्या राहिल्या. कोणी बघायला येणार नव्हतं. पण मला रिकामी डबी बघवेना. नवव्या ढिगातला काळा चुरा मी तिन्हींत भरला, कागद चिकटवले आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘काळा पाषाण, कोरडा’.

स्वतःच्या गावात नारळ खोटा ठरला म्हटल्यावर जनाभाऊला कोण बोलावणार? वर्षभरात त्याचं काम बंद पडलं. बदलापुरात एका बिल्डिंगवर तो वॉचमन झाला. गावाला पुढे कधीतरी नळ आला. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. वाटलं. खोटं कशाला बोलू? चांगले दोन-तीन महिने बरं वाटलं.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. मशीन विकून मी घरी बसलोय. मुलगा पुण्याला. येतो तेव्हा म्हणतो, “पप्पा, त्या डब्या भंगारात द्या, घरात झुरळं होतात.” एके सकाळी दारात एक मुलगी उभी. जीन्स, पाठीवर सॅक, पायांत दगडधोंड्यात फिरायचे बूट.

“काका, मी वैशाली. जनार्दन भोईरांची मुलगी. बाबांनी पाठवलंय. म्हणाले, कदमांकडे डब्या आहेत.”

ती भूशास्त्रात पीएचडी करत होती. विषय काय, तर आमची लाल माती. मी पलंगाखालून खोकी ओढली. ती जमिनीवर बसली आणि एकेक डबी उघडून चुरा तळहातावर घेऊ लागली. बाप नारळ धरायचा तसाच हात. लेबलं वाचताना तिचे डोळे मोठे होत गेले.

“काका, हे तुम्ही कोणासाठी जपलंत?”

“असंच,” मी म्हटलं.

मग तिने मला समजावलं, ते जसं कळलं तसं सांगतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्याच या चपात्या. पण लाव्हाच्या दोन पुरांच्या मधे ज्वालामुखी गप्प असायचा. कधी फार काळ. तेवढ्यात दगडावर पाऊस पडायचा, ऊन पडायचं, दगड कुजायचा, त्यातलं लोखंड गंजायचं आणि लाल माती व्हायची. पुढचा लाव्हा आला की ती गाडली जायची.

“म्हणजे ही माती त्या वेळच्या हवेची वही आहे,” ती म्हणाली. “किती पाऊस होता, किती उष्मा होता, ते हिच्यात वाचता येतं.”

“हवा तेव्हा वेगळी होती?”

“हवा बदलतच आलीय काका. माणूस नव्हता तेव्हाही. पृथ्वी भोवऱ्यासारखी डुगडुगते, तिची सूर्याभोवतीची वाट थोडी लांबट होते, पुन्हा गोल होते. त्याला हजारो वर्षं लागतात, पण त्यातून हिमयुगं येतात नि जातात. सूर्य कमी-जास्त तापतो. समुद्रातलं गरम पाणी जागा बदलतं, तो तुमचा एल निनो. जमिनीसुद्धा सरकतात. हा लाव्हा आला तेव्हा आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतो. आणि ज्वालामुखी दोन्ही करतो. धुराने वर्ष-दोन वर्षं सूर्य झाकून थंडी आणतो, आणि त्यातून निघालेला वायू साठत गेला की पुढे फार काळ गरमी.”

मला वाटलं, मुद्दा सापडला. म्हटलं, “मग आत्ताची गरमी पण अशीच आपोआप?”

“नाही काका. आत्ताची आपलीच करणी. म्हणून तर जुनं नीट मोजायचं. नाहीतर आपलं पाप कोणीही ज्वालामुखीच्या माथी मारेल.”

डब्या घेऊन ती गेली. मी बराच वेळ रिकाम्या पलंगाखाली बघत राहिलो. जनाभाऊला हार मिळाले, ते गेले. मिठाई मिळाली, ती संपली. पण ही मुलगी? दगड एकतीस वर्षं मी फोडला आणि दगड वाचणारी मुलगी त्याच्या घरात जन्मली. माझा मुलगा झुरळं मोजतो. त्या दिवशी मी जितका जळलो तितका सोसायटीच्या पाण्यावरही जळलो नव्हतो.

तीन महिन्यांनी ती आली ती नकाशा घेऊनच. टेबलावर पसरला. माझ्या बोअरचे ठिपके, त्यांतून लाल पट्टा गेलेला. फक्त एका ठिपक्याभोवती लाल नव्हतं. तिथून तिने एक निळा पट्टा ओढला होता.

“इथे बघा. आमच्या गावचा बोअर, शाळेमागचा. आजूबाजूला सगळीकडे लाल थर आहे, इथे दोनशे चाळीसपर्यंत नाही. म्हणजे पुढचा लाव्हा यायच्या आधी इथे नदी होती काका. तिने माती वाहून नेली. आणि एवढी माती नेणारी नदी म्हणजे पाऊस आम्ही समजत होतो त्याहून खूप जास्त.” ती भरभर बोलत होती. “माझे गाईड सर आधी म्हणाले, एका बोअरवर एवढं विधान करू नकोस. पण तुमची वही पाहून म्हणाले, नोंद इतकी व्यवस्थित आहे की विश्वास ठेवायला हरकत नाही.”

मी त्या निळ्या पट्ट्याकडे पाहत राहिलो. माझ्या पोटदुखीतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक नदी वाहायला लागली होती. जेवणाच्या सुट्टीत गिळलेल्या तीन रॉडांनी इथल्या आभाळातून जास्तीचा पाऊस पाडला होता.

तिने सॅकमधून अजून एक कागद काढला. पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा मसुदा, इंग्रजी. शेवटी आभाराच्या ओळी. त्यात माझं पूर्ण नाव आणि पुढे, ‘यांच्या काटेकोर नोंदींशिवाय हे काम झालं नसतं’ या अर्थाचं वाक्य. पंधरा दिवसांत पेपर पाठवायचा होता. माझं काही म्हणणं असेल तर त्याआधी कळवा, असं सांगून ती गेली.

आठ दिवस मी काही कळवलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. त्यातले पहिले चार दिवस मी भीतीने गप्प नव्हतो. मला गोड वाटत होतं. बाप माझ्यामुळे खोटा ठरला, आता न बोलता मुलगीही ठरेल. कधीतरी कोणी दुसरा बोअर मारील, लाल माती निघेल आणि लोक हसतील. मला काही करायचंच नव्हतं, नुसतं बसायचं होतं. पुढचे चार दिवस मात्र ते ‘काटेकोर’ झोपू देईना. जन्मभर मला वाटत आलं होतं की कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणावं, हे कदममुळे झालं. आता छापून येणार होतं आणि त्यातलं नेमकं तेच खोटं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात दिवसाढवळ्या ती नदी वाहत होती.

बायको म्हणाली, “नाव छापून येणार त्याचं एवढं टेन्शन?”

मी तिला सगळं सांगितलं. ती हातातली भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “त्या पोरीचं शिक्षण आहे. जा आणि सांगून या. दोघांनाही सांगा.”

बदलापूर पूर्वेला जनाभाऊचं दोन खोल्यांचं घर आहे. तो खुर्चीत बसला होता, गुडघ्यांना तेल लावत. मला बघून म्हणाला, “ये रं कदम. वाट चुकलास काय?” वैशालीने पाणी आणलं. ते न पिताच मी बोललो. सुरुवात, मधलं, शेवट, सगळं. बोलताना नजर जनाभाऊच्या गुडघ्यांवर होती.

वैशाली उठली. खोक्यातून त्या बोअरच्या डब्या काढून तिने टेबलावर रांगेने उघडल्या. “एकशे ऐंशी आणि दोनशे चाळीस, एकच आहे हे?”

“एकाच ढिगातलं.”

“मला सारखं दिसत होतं काका. मला वाटलं, एकच जाड थर आहे. मी त्याचंही कारण शोधलं होतं.” तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. “माझे तीन महिने गेले. ते जाऊ दे. बाबांची वीस वर्षं?”

जनाभाऊने तेलाची वाटी खाली ठेवली.

“मना ठावं होतं,” तो म्हणाला.

आम्ही दोघंही त्याच्याकडे बघायला लागलो.

“जेवताना रॉड मोजलं होतं मी. काढताना वाजतंत ना, गावभर ऐकू येतंत. नऊ वेला वाजलं. बारा पायजेत. मी हात धुवून आलू तं तू बोल्लास, दोनशे चालीस.”

“मग बोलला का नाहीस?” मी विचारलं. माझा आवाज मलाच रडका वाटला.

जनाभाऊने मुलीकडे पाहिलं. तिच्यासमोर बोलावं की नाही, असं त्याला झालं असावं. मग बोलला.

“काय बोलू? बोल्लू असतू तं तुला परत रॉड घालायला लागलं असतं. आनि मंग कोरडं निघालं असतं तं? नारल उभा र्‍हातो, पन दर वेलेला का उभा र्‍हातो ते मनाबी ठावं नाय, कदम. तू चोरलंस म्हनून तरी मी ताठ र्‍हायलू. लोक कायबी बोलूं दे, मना वाटायचं, पानी हाय तितं, कदमनी दडवलंन. त्या पान्यावर वीस वर्सं काढली मी.”

वैशाली स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाला नाही. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, “पेपर मी थांबवते. तिथे पुन्हा बोअर मारायला लागेल. दोनशे चाळीसपर्यंत. दर रॉडला चुरा मी स्वतः घेणार. बाबा, चालेल?”

जनाभाऊ लगेच हो म्हणाला नाही. त्याचं वीस वर्षांचं पाणी आता उघडं पडणार होतं. मग त्याने मान हलवली.

माझी जुनी मशीन ज्याने घेतली होती तो एका दिवसासाठी आला. शाळेमागे आता पेव्हर ब्लॉक आहेत, आवळ्याचं झाड मात्र आहे. जुनं भोक बुजलेलं, त्याच्या हातभर शेजारी मनोरा उभा केला. जनाभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. गावातली चार म्हातारी माणसं जमली होती. त्यांच्यासमोर मी आधीच सांगून टाकलं, त्या वेळी नऊच रॉड गेले होते. कोणी शिव्या दिल्या नाहीत. एकजण म्हणाला, “आता नलाला पानी हाय, आता काय.” शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

नऊ रॉड गेले. दहावा लागला आणि अर्ध्यावर धूळ विटकरी झाली. आवळ्याची पानं, जनाभाऊची पांढरी टोपी, सगळ्यावर लाल बसलं. वैशाली चाळणी घेऊन पुढे धावली. मूठ उघडून मला दाखवली. तिची नदी त्या मुठीत बुजली होती आणि ती हसत होती. “आली काका. जिथे असायला हवी तिथेच आहे.”

आता पाण्याची पाळी. अकरावा रॉड चढला. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, कोरडा निघो. वीस वर्षं जो माणूस माझ्यामुळे खोटा ठरला, तो निदान खरोखर खोटा निघो, म्हणजे माझं ओझं तेवढं हलकं होईल. अकरावा गेला. भोकाभोकांचा खडक आला, पांढरे स्फटिक आले, पाणी नाही. बारावा चढला. चुरा ओलसर वाटला, मुठीत धरला तर चिकटत होता. पण पाणी नाही. दोनशे चाळीस. ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. जनाभाऊची जागा कोरडी होती. तेव्हा मी प्रामाणिकपणे बारा रॉड घातले असते तर तो आपोआप खोटा पडला असता आणि मी स्वच्छ राहिलो असतो. खुर्चीकडे पाहिलं तर जनाभाऊ जमिनीकडे बघत होता, टाच घासत, खूण करताना घासायचा तशी. आणि मला काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, “अजून एक घाल. चुरा ओला आहे. अजून एक रॉड.”

“नको,” जनाभाऊ म्हणाला.

“अरे, ओल लागलीय. मी वहीवरून सांगतो, वीस फुटांत…”

“र्‍हाऊं दे, कदम. एक रॉड शिल्लक असलेला बरा.”

हवा बंद झाली. त्याने शेजारच्या म्हाताऱ्याकडून नारळ घेतला, दगडावर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. मलाही दिलं, मोठा तुकडा. कोरड्या भोकाशेजारी बसून इतक्या सुखाने खोबरं खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याचाही मला हेवाच वाटला.

वैशाली म्हणाली, पेपरात आता नदी नसेल, पण आभारात दोघांची नावं असतील, एकाचं जागेसाठी आणि एकाचं नोंदींसाठी. पहिलं नाव कोणाचं, असं मी विचारलंच. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने भोईर आधी, कदम नंतर. मराठीत असता तर ‘क’ आधी आला असता, हे मी तिला बोलून दाखवलं. ती नुसती हसली.

मग तिने बारा नव्या डब्या आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. “लेबलं तुम्हीच लिहा काका. अक्षर तुमचं चांगलं आहे.” मी एकेक लिहीत गेलो. दहाव्या डबीवर ‘लाल माती’ लिहिलं. बाराव्या डबीपाशी जनाभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात मी लिहिलं: ‘भोईर यांची जागा. दोनशे चाळीस फूट, ओल. पुढचं माहीत नाही.’